केळखोलीचं कुलूप

आमच्या आळीत एखादी बाई बाळंतपणाला आडवी पडायची म्हणजे घरातल्या बाकी सगळ्यांनी उभं राहायचं, अशी जागेची गत होती. हसू नका. एका खोलीत एक बिऱ्हाड, पुढं वीतभर ओटा, मागं सगळ्यांची मिळून एक न्हाणी, आणि त्या खोलीत सासू-सासरे, दीर-नणंदा, पाहुणेरावळे, चूल, उतरंड, कोपऱ्यात बांधलेली शेळीसुद्धा. बारामतीतली ही आळी बागवानांच्या वखारीच्या पाठीला पाठ लावून होती. कुणी कन्हेरीहून आलेलं, कुणी वरकुट्याहून, कुणी त्याहून लांबून. सकाळ झाली की घराघरातनं भाकरी थापल्याचा आवाज यायचा, आणि कुणाच्या घरातनं तो आला नाही की पलीकडून लगेच हाक, "काय गं, आज चूल का थंड? बरं न्हाय व्हय?" भिंती इतक्या पातळ की शेजारच्या घरातली फोडणी आपल्या डोळ्यांत जायची. वखारीत केळीचे घड उतरायचे, धुरावर पिकायला लागायचे, आणि तो गोड, जरा कुबट वास आमच्या गोधड्यांना, केसांना, शाळेच्या पाटीलासुद्धा लागायचा. गुळाचा हंगाम असला तर वर गुळाचा वास. मी आजही कुठं पिकल्या केळ्याचा वास आला की आधी मान वळवते आणि मग आठवतं की ती आळी आता तशी राहिलेली नाही.

आमच्या घरात तात्या म्हणजे माझे वडील, गुळाच्या पेठेत एका अडत्याकडं कामाला. मवाळ माणूस. समोरच्यानं जोरात नमस्कार केला तरी दचकायचा. आई डोक्यावर पाटी घेऊन माळवं विकायची; वांगी, गवार, मेथी, जे मळ्यातनं येईल ते. बोलायला मात्र ती तात्यांच्या वाट्याचंही बोलून टाकायची. दादा कळंबजवळच्या साखर कारखान्यात होता, आठवड्यातनं एकदा घरी यायचा, अंगाला मळीचा वास घेऊन. तिकडूनच त्याची सोयरीक जमली आणि शांतावहिनी आमच्या घरात आली. माझ्याहून थोडीशीच मोठी. मला तेव्हा वाटायचं की देवानं मला उशिरा का होईना, एक बहीण दिली. आम्ही दोघी एका ताटात जेवायचो, बाजरीची भाकरी, लसणाची चटणी आणि आईनं पाटीत उरलेल्या भाजीची केलेली कसलीतरी मिसळण. वहिनी इतकं हळू हसायची की तिचं हसू मला फक्त खांदा हलल्यावर कळायचं.

वहिनीची आई ती लहान असतानाच गेलेली, त्यामुळं पहिलं बाळंतपण माहेरी हा प्रकारच नव्हता. ते आमच्या खोलीतच झालं. आईचं जुनं लुगडं मधे बांधलं, लुगड्याच्या आत वहिनी आणि हौसाआत्या, आमच्या आळीतली सुईण. लुगड्याच्या बाहेर मी, चुलीवर पाणी. आणि ओट्यावर तात्यांकडं आलेली चार माणसं, गुळाच्या भावावर बोलत बसलेली. उठून जायचं त्यांच्या मनातसुद्धा आलं नाही. आत माझी वहिनी पदर तोंडात कोंबून पडलीये, बाहेरच्यांना ऐकू जाऊ नये म्हणून! दुखणं तिचं आणि लाजही तिनंच धरायची! हौसाआत्या सारखी म्हणत होती, "वरड पोरी, वरड, दम कोंडू नगंस." ती नाही ओरडली. बाळ आलं ते निळं, आणि त्यानं आवाज केलाच नाही. ओट्यावरनं एकानं विचारलं, "काय झालं वो, मुलगा का?" मला आज ह्या वयातही तो माणूस समोर आला तर मी काय करीन सांगता येत नाही. बाळ कशानं गेलं, जागा असती तर वाचलं असतं का, हे मला ठाऊक नाही. पण तिला ओरडता आलं असतं. एवढं तर नक्की झालं असतं.

त्यानंतर वहिनी बोलायचीच बंद झाली. कामाचं तेवढं हो-नाही. माणसांत तर नाहीच.

वखारवाल्यांची अमीनाचाची आमच्याकडं रोज कशाला ना कशाला यायची. जाडजूड, हातात हिरव्या बांगड्या, आणि आवाज असा की वखारीतनं हाक मारली तर पेठेतली गिऱ्हाइकं वळून बघायची. त्या आठवड्यात ती आली, वहिनीजवळ बसली, तिच्या डोक्यावरनं हात फिरवला, आणि आईला म्हणाली, "भाभी, माझी मागची केळखोली रिकामीच पडलीया. धन्यानं घड पिकवायला पुढं नवी खोली बांधली. मागचीला भिंती जाड हायेत, ऊब हाय. बाईमाणसाला पडायला चार हात जागा तर हुईल."

आई म्हणाली, "आन् करायचं कुणी? चूल, पाणी, सारवण?"

"तू सांग की. तुमच्या वरकुट्याला कसं करत्यात?"

आई म्हणाली, "सावड करू."

सावड म्हणजे काय हे आता समजावून सांगावं लागतं. वरकुट्याला आज सगळ्यांनी माझ्या रानात खुरपायला यायचं, उद्या मी तुमच्या रानात. मजुरी नाही. आलेल्या हाताची फेड हातानंच. आईनं तेच उचललं आणि शहरातल्या आळीत आणलं. त्याआधी कुरडया-पापडाला आमच्याकडं सावड असायचीच, आता बाळंतपणाला. दर दुपारी माळवं विकून आल्यावर बायका केळखोलीत जमायच्या. रस्त्याच्या बाजूला भिंत फोडून एक खिडकी केली. ती फोडताना अमीनाचाचीनं स्वतः पहार चालवली आणि पुरुष ओट्यावरनं बघत होते. कुणीतरी म्हणालं, "चाची, सांभाळा, वखार पडंल!" तर ती म्हणाली, "पडू दे, तुझ्या अंगावर पडंल आसं बघते." जमीन चोपली, शेणानं सारवली, मोरी काढली, कोपऱ्यात चूल घातली. आळीतले बाप्ये गंमत करायचे, "केळी पिकायची तितं आता पोरं पिकनार!" आणि खोलीचं जुनंच नाव राहिलं ते राहिलंच. केळखोली.

आणि चालली की ती! कुणाला दिवस जात आले की आधीच ठरायचं, पाणी कुणी भरायचं, गोवऱ्या कुणी आणायच्या, बाळंतिणीच्या मोठ्या पोरांना कुणाच्या घरी जेवायला, नवऱ्याची भाकरी कुणी टाकायची. सगळं तोंडी. ती बाई सव्वा महिन्यानं उठली की पुढचीला तिनं करायचं. हौसाआत्यानं दंडक घातला, उकळल्या पाण्यात हात धुतल्याशिवाय कुणी आत पाय टाकायचा नाही, मग ती सासू असो नाहीतर सासूची सासू. आत ओव्या-शेपांची धुरी, चुलीवर हळिवाची खीर, आणि बाई पाहिजे तेवढी ओरडायची. ओरडली की वखारीतले हमाल आपण होऊन लांब जायचे. कोण होतं सांगणारं? कुणीच नाही. आपोआप कळायला लागलं त्यांना. खोली रिकामी असेल त्या दिवसांत माळवं विकणाऱ्या बायका आपली रांगती पोरं तिथं सोडायच्या आणि पाळीपाळीनं एकजण सांभाळायची. त्या आधी ही पोरं कुठं असायची? पाटीशेजारी, उन्हात. पेठेत कन्हेरीच्या बायका भाजी घेऊन यायच्या त्यांनी हे बघितलं, पलीकडच्या आळीनं बघितलं, आणि त्यांच्याकडं केळखोली नव्हती तर त्यांनी एका म्हातारीची पडवी मागून घेतली. कुणी सभा भरवली नाही, कुणी ठराव केला नाही. डोक्यावरच्या पाटीबरोबर ती गोष्ट एका आळीतनं दुसऱ्या आळीत गेली.

माझी नात हल्ली असलीच कामं करणाऱ्या एका संस्थेत आहे. ती म्हणाली, "आजी, ह्याला कम्युनिटी नेटवर्क म्हणतात, आम्हाला ह्याचं ट्रेनिंग असतं." मी म्हटलं, बाई गं, शिका, जरूर शिका, पण त्या ट्रेनिंगमधे एक धडा हाही ठेवा, की चार बायकांनी मिळून काही उभं केलं की त्याच्यावर नाव घालायला पहिला कोण येतो.

तर तो आला. आमच्या भागातले पुढारी. त्यांचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. त्यांनी ते जागोजागी लिहून घेतलंय, तेवढं पुरे. आळी त्यांना साहेब म्हणायची. निवडणुका जवळ आल्या होत्या, ते आळीत फिरत होते, कुणीतरी त्यांना केळखोली दाखवली. ते दाराशी उभं राहून बघून गेले. आत नाही आले. "वा वा," म्हणाले, "माता-भगिनींची फार चांगली सोय आहे." आणि दोन दिवसांनी हातगाडीवरनं एक लोखंडी खाट आली, कापसाच्या गादीसकट. साहेबांकडनं भेट!

आळीत जत्रा झाली नुसती. लोखंडी खाट आम्ही फक्त दवाखान्यात बघितलेली. प्रत्येक बाई येऊन गादी दाबून बघत होती. एकटी आई तेवढी लांब उभी. ती म्हणाली, "ही ठिवायची, तर हिची फेड कशी करायची?"

हौसाआत्या म्हणाली, "अगं, भेट हाय ती."

"सावडीत भेट नसती. घेतलं की फेडायचं. आता साहेबाची बाळंतपणं करायची का आपून?"

सगळ्या इतक्या हसल्या की अमीनाचाचीला ठसका लागला. आणि हसण्यात ते वाहून गेलं. खाट आत गेली. चूक झाली ती इथं झाली, आणि आमच्यासारख्या माणसांकडूनच होते असली चूक. दारात आलेली वस्तू परत करणं म्हणजे देणाऱ्याचा अपमान, असं मनात पक्कं बसलेलं. आईला दिसत होतं, पण एकटीनं किती ताणायचं? फेडता येत नाही ते घेतलं की घेणाऱ्याची मान खाली आणि देणाऱ्याचा पाय आत, हे आम्हाला पुढच्या महिन्यातच कळलं.

आधी चुना आला. साहेबांची माणसं भिंती पांढऱ्या करून गेली. मग फळा रंगवायला दिल्याचं कळलं, त्यावर साहेबांच्या आईचं नाव, खाली साहेबांचं. मग गणपतराव आले. हे साहेबांचे उजवे हात; पेठेत ह्यांचं दोरखंडाचं दुकान, आणि आवाजात कायम असा एक सूर की आपण त्यांच्या दुकानात उधारीवर उभे आहोत. त्यांनी दाराला कडीकोयंडा ठोकला आणि वर हे एवढं कुलूप घातलं.

"उद्घाटन हुईस्तोवर आत कुनी जायाचं न्हाय. पुन्याचे पाव्हणे येनार हायेत. रंग खराब हुईल."

आई म्हणाली, "आन् कुनाचं पोट दुखाय लागलं तर?"

"आवो, चार-आठ दिवसाचा तर प्रश्न हाय."

चार-आठ दिवस म्हणता म्हणता पाहुण्यांची तारीख पुढं गेली. पुन्हा पुढं गेली. रांगती पोरं परत पाट्यांशेजारी उन्हात बसली. आणि घरात वहिनीला दिवस भरत आले होते! हो, दुसऱ्यांदा. ती काही बोलायची नाही, पण पाणी भरायला जाताना वाकडी वाट करून केळखोलीवरनं जायची आणि त्या कुलपाकडं बघायची. एकदा मला म्हणाली, "सुमे, त्या लुगड्याआड न्हाय गं मी निजनार." एवढंच. मी म्हटलं, "न्हाय वहिनी, नक्की न्हाय." कुठल्या जोरावर म्हटलं देव जाणे.

कळा सुरू झाल्या त्या ऐन दुपारी, दिवस अजून पुरे भरलेही नव्हते. तात्या जेवायला घरी आलेले. ते ताटावरनं उठले आणि गणपतरावांच्या दुकानाकडं पळाले, मी त्यांच्या मागं. गणपतराव गिऱ्हाइकाला दोर मापून देत होते. तात्यांनी हात जोडले. माझ्या बापानं, एका कुलपासाठी, एका दोरखंडवाल्यापुढं!

"गणपतराव, तेवढी किल्ली द्या. सुनंला कळा लागल्यात."

"किल्ली साह्यबाकडं, आन् साह्यब इंदापूरला गेल्यात. उद्या येतील."

"आवो, उद्या कसं..."

गणपतराव हसले. "तात्या, आमच्या आया कुठं बाळंत झाल्या? घरातच का न्हाय? आन् खरं सांगू का, किल्ली असती तरी दिली नसती. उद्घाटनाआधी तितं विटाळ करायचा? पाव्हणे आत पाय तरी ठिवतील का? पैली पूजा, मग तुमची बाळंतपणं."

विटाळ! ज्या खोलीची जमीन माझ्या आईनं सारवली, त्या खोलीत माझ्या वहिनीचं बाळ आलं तर विटाळ! मी काहीतरी बोलले. काय बोलले ते आठवत नाही, पण दुकानातलं गिऱ्हाईक दोर टाकून माझ्याकडं बघायला लागलं आणि तात्यांनी माझा दंड धरून मला ओढत बाहेर आणलं. वाटेत ते म्हणाले, "गप गं, मोठी माणसं हायेत ती." मी त्यांचा हात झटकला.

घरी आलो तर वहिनी ओट्यावर भिंत धरून उभी. आई आतनं लुगडं बांधायला लागलेली, तर ही आत पाऊल टाकायला तयार नाही. घामानं न्हालेली, ओठ दाताखाली, नुसती मान हलवतेय, नाही, नाही. हौसाआत्या विनवतेय. आळीतल्या बायका गोळा झालेल्या. आईनं माझ्याकडं बघितलं, मी म्हटलं, "किल्ली न्हाय. विटाळ हुतो म्हनला."

वखारीत घड आपटल्याचा आवाज येत होता तेवढाच. मग अमीनाचाचीनं पदर खोचला. "विटाळ? या अल्ला, माझ्या वखारीत? चला गं."

आता इथं एक गोष्ट सांगितली पाहिजे. केळखोलीच्या दाराला बिजागरी नसते. घड आत रचायचे, कोपऱ्यात धूर करायचा, दार खाचेत बसवायचं आणि फटी मातीनं लिंपून टाकायच्या. माल काढायचा तेव्हा अख्खं दार उचलून बाजूला. गणपतरावांनी एका अंगाला हे एवढं कुलूप घातलं, पण दुसऱ्या अंगाला ते दार नुसतं टेकलेलं होतं. आळीतल्या शेंबड्या पोरालाही हे माहीत होतं. इतके दिवस आम्ही जे आत गेलो नाही ते दारामुळं नाहीच. साहेबांचं कुलूप आहे, एवढ्यामुळं! ह्याचाच मला जास्त राग येतो आज, कुलपापेक्षाही.

चाची, मी, आई आणि शिंप्याची सून, आम्ही चौघींनी त्या बाजूनं हात घातला आणि "या अली" का "जय भवानी" का दोन्ही, कायतरी ओरडून दार उचललं. कडी तशीच, कुलूप तसंच, दार भिंतीला टेकवून ठेवलं. वहिनी माझ्या खांद्यावर भार टाकून आत गेली. खाटेकडं तिनं बघितलंही नाही, खालीच गोधडीवर बसली. आणि पुढची कळ आली तेव्हा माझी मुकी वहिनी अशी ओरडली की मला वाटलं पेठ बंद पडेल. हौसाआत्या म्हणाली, "आस्सं! आता कसं!"

ऊन उतरायच्या आत मुलगी झाली. नाळेचा वेढा होता मानेला. हौसाआत्यानं तो सोडवला, पोरीला पालथी धरली, पाठ चोळली. पोरगी गप्प. निळसर. मी वहिनीचा हात धरला होता, तिची नखं माझ्या मनगटात रुतलेली. कुणी श्वास घेत नव्हतं, बाळही नाही आणि आम्हीही नाही. मग एक शिंक आल्यासारखा आवाज झाला आणि पोरगी रडायला लागली. अमीनाचाची मटकन खाली बसली आणि तिच्याबरोबर रडायला लागली, आणि तिचा आवाज मोठा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळीच साहेब आले, मागं गणपतराव. पाहुण्यांची तारीख पक्की झाली होती, त्याच आठवड्यातली! गणपतराव दुरूनच ओरडत आले, "कुलूप कुनी तोडलं? फौजदाराला बोलावनं धाडतो!"

आई म्हणाली, "तोडलं? ते काय, जागेवर हाय की. घ्या, हलवून बघा."

गणपतरावांनी खरंच हलवून बघितलं. मागं बायका फिदीफिदी हसल्या. साहेबांचा चेहरा मात्र गोड. ते म्हणाले, "अहो, मुलगी झाली, आनंद आहे. फक्त कार्यक्रमापुरतं बाळंतिणीला घरी हलवा. दोन तासांचा प्रश्न."

हौसाआत्या म्हणाली, "हलवा की. तुमीच आत या आन् हलवा. कालच्यापासनं सोयर हाय, तेवढं जाताना आंघोळ करा म्हंजे झालं."

साहेब एक पाऊल मागं गेले. खरंच गेले, मी बघितलं. गणपतरावांनी वखारीतल्या हमालांना हाक मारली, बाळंतिणीला खाटेवर घालून उचला म्हणून. हमालांनी ऐकलंच नाही असं दाखवलं. मग साहेब तात्यांकडं वळले. "तात्या, तुम्ही समजूतदार आहात. सांगा घरात."

तात्यांनी डोक्यावरची टोपी काढली, झटकली, परत घातली. म्हणाले, "साह्यब, काल ह्यांच्यापुढं हात जोडून झाल्यात माझं. माझी नात हाय ती. न्हाय हलनार." आवाज कापत होता त्यांचा. पण म्हणाले. मी त्यांचा दंड धरला, आणि ह्या वेळी त्यांनी मला गप्प बस म्हटलं नाही.

उद्घाटन झालंच. ते काय थांबतंय? रस्त्यावर मांडव घातला, बॅटरीवरचा कर्णा आणला. आमच्या खिडकीखाली दुपटी-लंगोट वाळत होते, ते गणपतरावांनी काठीनं काढून टाकले आणि खिडकीवर बाहेरनं एक तांबडी झालर ठोकली, पाहुण्यांना बरं दिसावं म्हणून. आत अंधार झाला. पुढं खुर्च्या मांडल्या, त्यावर सगळे पुरुष. बाया मांडवाच्या मागं, उभ्या. आईसुद्धा उभी, चाचीसुद्धा. मी आत वहिनीपाशी होते, पोरगी तिच्या मांडीवर, आणि कर्ण्यातनं साहेब गरजत होते. माता-भगिनींचे हाल बघून माझं अंतःकरण कसं कळवळलं. ही कल्पना मला कशी सुचली. मी, माझी, मला. सावड हा शब्द एकदाही नाही. एकदाही! चाचीची जागा, तिचं नाव नाही. हौसाआत्याचं नाव नाही. मी दात-ओठ खात ऐकत होते, आणि वहिनी पोरीला थोपटत खिडकीकडं बघत होती.

त्या गर्जनेनं पोरगी दचकून उठली आणि तिनं सूर लावला. झालरीच्या पलीकडं, कर्ण्याच्याही वर. पुण्याचे पाहुणे म्हातारे होते, त्यांनी विचारलेलं कर्ण्यातनं सगळ्या आळीला ऐकू आलं, "आत कोण आहे?"

आणि साहेब हसत म्हणाले, "कुणी नाही. आत कुणी नाही."

वहिनी उठली. ओली बाळंतीण बाई. मी आडवायला गेले तर तिनं पोरगी माझ्या हातात दिली, खिडकीशी गेली, गजांतनं हात बाहेर घातला आणि ती तांबडी झालर खिळ्यांसकट ओढून काढली. भसकन् ऊन आत आलं. समोर खुर्च्यांवरची सगळी माणसं आमच्याकडं बघत होती. त्यांत तात्या होते, दादा होता, ओट्यावर गुळाचे भाव बोलणारेही होते.

"कोन न्हाय?" वहिनी म्हणाली. तिला कर्ण्याची गरज पडली नाही. "मी हाय हितं. माझी पोरगी हाय. ही खोली ह्या मागं हुब्या हायेत न्हवं, त्या बायांनी केलीया. तुमी तर अजून आत पन न्हाय आला. आन् जरा हळू बोला, पोरगी निजल्याली व्हती."

मांडवामागं आधी चाचीची टाळी वाजली. मग बाकीच्यांची. पाहुणे हात जोडून खिडकीकडं बघत नुसते उभे राहिले. साहेब बोलत राहिले, पण कर्ण्यातनं काय येतंय इकडं कुणाचं लक्ष नव्हतं; खुर्च्यांवरची माणसं मान वळवून मागं उभ्या असलेल्या आपल्याच घरातल्या बायांकडं बघत होती, ह्यांना कधी बघितलंच नव्हतं अशी.

वहिनी परत गोधडीवर येऊन बसली. पोरीला माझ्याकडनं घेऊन तिनं पदराखाली धरलं. तिच्या कपाळावरनं घाम वाहत होता आणि खांदा हलत होता. मी घाबरून वाकून बघितलं, तर ती हसत होती.

"सुमे," ती म्हणाली, "भाकरी वाढ की गं. लई भूक लागलीया."